माझ्या वरच्या खोलीतले काचेचे सर

अहो, दारात काय उभे राहता? आत या, असे जवळ बसा. उंबऱ्यावरून बांगड्याही भरता येत नाहीत आणि गोष्टही ऐकता येत नाही. आणि ते हसू आधी बाहेर ठेवा. माझ्या वरच्या खोलीचा विषय निघाला की सारं हिंगणघाट हसतं, तुम्हीही हसता, आणि 'ते काचवाले वेडे सर का' म्हणून मोकळे होता. ही तुमची सवय मला आवडत नाही बरं. वेडे नव्हते ते. संशयी होते. देवानं जगासाठी जेवढा संशय तयार केला, त्यातला निम्मा त्यानं सगळ्या माणसांत वाटला आणि उरलेला निम्मा एकट्या सरांच्या ओंजळीत टाकला, असं माझं पक्कं मत आहे. आणि तेव्हाही सरांनी देवाला विचारलं असेल, की हा खरंच निम्मा आहे कशावरून?

हायवेवर जे नवं विद्यापीठ झालं, तिथं चित्रकलेच्या मुलांना काचकाम शिकवायला सर नागपूरहून आले. रंगीत काच कापायची, तुकडे जुळवून चित्र करायचं, ते भट्टीत घालून एकजीव करायचं, असं ते शिक्षण. खाली माझं बांगड्यांचं दुकान, मागं मी राहते, वरची खोली रिकामी. खोली पाहायला म्हणून आले आणि आधी दुकानातली एक बांगडी उचलून उन्हात धरली. ही कुठली, म्हणाले. मी म्हटलं, फिरोजाबादची. असं तुम्हाला कोणी सांगितलं? म्हटलं, माल आणून देतो त्यानं. "आणि त्याला कोणी सांगितलं?" बाप्पा, चाळीस वर्षं मी या गादीवर बसले, पण त्याला कोणी सांगितलं हे काही माझ्या मनात आलं नव्हतं. मग जिन्याची एकेक पायरी आधी एका पायानं दाबून, मग दुसरा पाय उचलून वर गेले. खिडकीच्या सहाही काचांवर नखानं टिचकी मारली, कान लावला, आणि तिसऱ्या काचेपाशी थांबून म्हणाले की ही वेगळ्या घराण्याची आहे. खरंच होती हो. कधीकाळी चेंडूनं फुटली म्हणून बदललेली, आणि ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी तिथल्या तिथं खोली दिली. ज्याच्याशी काच खोटं बोलत नाही, तो माणूस खोटा नसावा, एवढाच हिशेब मी केला.

पुढं कळलं, की हा काचेचा मास्तर काचेच्या ग्लासात पाणी पीत नाही. चहासुद्धा स्टीलच्या पेल्यात. विचारलं तर म्हणाले, "ताई, मी काचेला ओळखतो, म्हणून." दूधवाल्याचं माप, रिक्षावाल्याचा रस्ता, वर्तमानपत्रातलं हवामान, सगळ्यावर नजर. बोकडासारखी दाढी असलेला एक सोयरीक जुळवणारा त्यांच्यासाठी स्थळ घेऊन आला होता, साठीला आलेल्या माणसाला जोडीदार पाहिजे म्हणून. त्याला सरांनी एकच विचारलं, बाई इतकी चांगली आहे तर आजवर थांबली कशी? तो म्हणाला, तुमच्यासाठी थांबली जी. झालं. "म्हणजे तिला माझ्याबद्दल आधीपासून माहिती आहे," असं म्हणून सरांनी दार लावून घेतलं. तो माणूस पुन्हा माझ्या गल्लीत दिसला नाही.

वर्गात तर विचारू नका. विद्यापीठातल्या मुली माझ्याकडे बांगड्यांना यायच्या, त्यांच्याकडून मला सगळी बातमी. हजेरी घ्यायच्या आधी सर सगळ्यांना हात पुढं करायला लावायचे आणि बोटं पाहायचे. ज्याच्या बोटाला पट्टी, तो हजर. ज्याची बोटं कोरी, त्यानं काम दुसऱ्याकडून करून घेतलं. एक मुलगा म्हणे नुसतीच पट्टी चिकटवून यायचा. सरांनी ती सोडवून पाहिली आणि त्याला आठवडाभर काचेचे कोपरे घासायला बसवलं. भट्टीचं तर एक वेगळंच पुराण. तापलेली काच सावकाश निवावी लागते, दीड दिवस दार उघडायचं नाही, उघडलं की तडकली. पण पोट्टेच ते, डोकावल्याशिवाय राहतात का? म्हणून सर भट्टीला कुलूप लावत, कुलपावर कागद चिकटवत, कागदावर सही करत, परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर असते तशी. आणि एवढं करून स्वतःच दर तासाला जाऊन बघत, की ही सही माझीच आहे ना.

आता खरं सांगते, संशय काही त्यांच्या एकट्याच्या घरचा नव्हता. सुरुवातीला मलाही त्यांचा आला. झालं असं, की एक दिवस सर खाली आले आणि म्हणाले, ताई, तुमच्याकडे बांगड्या भरताना ज्या फुटतात, त्या मला द्याल का. मी त्या तुकड्यांचा डबा भरून ठेवते, मग कुठंतरी पुरते. बायकांच्या हातच्या असतात, रस्त्यावर टाकवत नाहीत. मी उचलून दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितला. माझ्या जाऊबाई तेव्हा दुकानात बसल्या होत्या. सर वर जाईपर्यंत त्यांनी दम धरला आणि मग सुरू झाल्या, "एकटा माणूस, बायामाणसाच्या फुटक्या बांगड्या जमा करून राह्यला. काऊन, थे इचारलं का तू? उद्या काही भलतंसलतं निघालं म्हंजे?" मी म्हटलं, काही नाही निघत. पण मनात किडा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी सर जेवणाचा डबा विसरून गेले, मला तेवढं कारण पुरलं. रिक्षा करून सरळ विद्यापीठात.

पाहते तर काय, एका लांब टेबलाशी पंधरा-वीस मुलं, आणि मधोमध माझा फुटक्या बांगड्यांचा डबा. एक मुलगी चिमट्यानं एकेक तुकडा उचलून काचेच्या पाटीवर मांडत होती. अल्लीपूरची, शेतकऱ्याघरची, नाव मोनाली. रोज एसटीनं यायची. तिनं आधी झालेलं एक काम मला दाखवलं. हिरव्या बांगड्या वितळून त्याचं शेत झालं होतं, आणि मधेमधे सोनेरी ठिपके. ते ठिपके मी ओळखले. लग्नसराईत एका नवरीचा चुडा भरताना तिनं हात आखडला आणि तीन फुटल्या होत्या, तिचेच ते. तेवढ्यात सर मागं येऊन उभे. म्हणाले, "ताई, तुम्ही डबा द्यायला आलात की पाहायला?" खोटं बोलून उपयोग नव्हता. म्हटलं, पाहायला. तर माणूस खूश झाला. "बरं केलंत. न पाहता कोणावर विश्वास ठेवू नये." त्या दिवसापासून तुकड्यांचा डबा भरला की मीच वर नेऊन द्यायला लागले.

अशी दोनेक वर्षं गेली. मग सरांचा संशय वाढला. वाढला म्हणजे किती, तर आधी तो माणसांवर होता, आता रंगांवर गेला. व्यापाऱ्याकडून निळ्या काचेची पेटी आली की उघडून म्हणायचे, हा निळा नाही, यात काहीतरी मिसळलं आहे. पेटी परत. दुसरी आली, तीही परत. व्यापारी फोनवर रडकुंडीला आला. माझ्यावरही आळ आला, की मी कुठल्यातरी स्वस्त पावडरीनं पडदे धुते म्हणून ते पिवळे पडले. माझी जांभळी साडी पाहून म्हणाले, ही चॉकलेटी तुम्हाला शोभते. मला वाटलं थट्टा करतात. सर थट्टा करत नाहीत हे माहीत असून वाटलं, माझंही चुकलंच.

शेवटच्या वर्षाला मोनालीनं मोठं काम केलं. वणा नदी, पुलावरून दिसते तशी, दाराएवढी. पाणी सगळं निळ्या काचेचं. सरांनी ते पाहिलं आणि भर वर्गात म्हणाले, की कपाटातली चांगली निळी काच काढून हिनं तिथं हिरवट, मळकट माल भरला आहे. चांगली काच कुठं गेली ते आधी सांगावं, मग मी सही करीन. सोमवारपर्यंत सही झाली नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर घरचे पुन्हा पाठवणार नव्हते, हे मोनालीनं मला पूर्वीच सांगितलं होतं.

शनिवारी ती दुकानात आली. रडली वगैरे नाही. बांगड्यांच्या खोक्यात हात घालून नुसती बसली. 

"काकू, म्या चोरी नाई केली."

"मले माहीत आहे व माय."

"सरले नाई न माहीत." मग पिशवीतून काचेचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. "हा निळाच आहे न, काकू? आता तं मलेच वाटून राह्यलं का नाई का काय."

मी तो तुकडा उन्हात धरला. बाई, मी शाळा सातवीत सोडली, अक्षरं बांगड्यांच्या पुड्यांच्या रद्दीवर वाचून पक्की केली, पण रंग मला कोणी शिकवावा लागत नाही. तो निळा होता. पावसाळा सरल्यावर आभाळ उघडतं तसा, भर निळा. त्या तुकड्याकडे पाहता पाहता मला माझ्या सासूबाई आठवल्या. शेवटच्या दिवसांत हिरव्या मागितल्या तर काळ्या उचलायच्या, आणि वर मलाच म्हणायच्या की तू माल बदलला. मोतीबिंदू होता त्यांना. मग साडी आठवली, पडदे आठवले, परत गेलेल्या पेट्या आठवल्या. मोनालीला म्हटलं, घरी जा, जेव, आणि सोमवारी वर्गात जाजो.

आता सरांना सरळ सांगून भागणार होतं का? त्यांनी माझ्यावरच संशय घेतला असता. म्हणून रविवारी सकाळी मी बारा बांगड्या गादीवर मांडल्या. काळ्या, हिरव्या, जांभळ्या आणि गडद निळ्या, चारी रंगांच्या तीन-तीन. सर खाली आले तेव्हा म्हटलं, एका पोरीला निळ्याच पाहिजेत, माझी नजर आता बरोबर लागत नाही, निवडून द्या. कालपर्यंत तर लागत होती, असं म्हणाले, पण बसले. चार निवडल्या. त्यातली एक निळी होती. मी बांगड्या आवरायला घेतल्या, पण चेहरा काही माझ्या ताब्यात राहत नाही. काय झालं ते त्यांनी काढून घेतलंच. आधी म्हणाले ट्यूबलाइट वाईट आहे. बांगड्या पायरीवर उन्हात नेल्या, तिथंही तेच. मग म्हणाले, मी पाठ फिरवली तेव्हा तुम्ही बदलल्या. मी हात वर केले. सर म्हणाले, "थांबा. हे नीट केलं पाहिजे."

वर जाऊन काच कापायचा हिरा आणला. प्रत्येक बांगडीच्या आतून एकेक आकडा कोरला. कागदावर लिहिलं, एक नंबर कुठला रंग, दोन नंबर कुठला, आपल्याला दिसला तसा. कागद घडी करून खिशात, बांगड्या स्वतःच्या पिशवीत, आणि निघाले बसस्टँडला. मी मागून यायचं, दहा पावलं अंतर ठेवून, आणि तोंड उघडायचं नाही, या अटीवर मला येऊ दिलं. तिथं चार माणसं निवडली. अशी, की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असू नये. चंद्रपूर गाडीचा एक कंडक्टर, एक शेंगदाणेवाला, सेवाग्रामला ड्यूटीला निघालेली एक नर्स, आणि मुलीकडे हैदराबादला चाललेली एक म्हातारी. कंडक्टरनं आधी स्वतःचा खिसा चाचपला, मग रंग सांगितले. म्हातारीनं तर पिशवीत डोकावून विचारलं, "काय जी, बांगड्या इकून राह्यले का? मायाच हाताले होते का पाहा बरं." सरांनी तिच्याही हातात एकेक देऊन रंग विचारला, लिहून घेतला, आणि बारावी बांगडी परत मिळवायला त्यांना फार मेहनत पडली.

मग बाकावर बसून चारी कागद मांडले. खिशातला स्वतःचा शेजारी ठेवला. चौघांचे कागद एकसारखे होते. सरांचा वेगळा.

"या चौघांची एकमेकांशी ओळख नाही," सर म्हणाले.

"नाही."

"एक तर हैदराबादला चालली."

"हो, सर."

"म्हणजे कट नाही." त्यांनी पाचही कागद पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग कागदांवरून नजर न काढता म्हणाले, "मग आता संशय घ्यायला एकच माणूस उरतो, ताई."

मी सासूबाईंचं सांगितलं. हल्ली ऑपरेशन सोपं असतं, सकाळी जाऊन दुपारी घरी, हेही सांगितलं. ते ऐकत नव्हते. विचारलं काय, तर हे किती दिवसांपासून असेल. आणि मग, "या काळात माझ्या हातून किती पोरांचे रंग बाद झाले असतील?" मी पिशवी उचलली, आणि आम्ही दोघं परत आलो. या वेळी दहा पावलांचं अंतर त्यांनी ठेवलं नाही.

सोमवारचं मला मोनालीनं सांगितलं. सरांनी पाचही कागद टेबलावर ठेवले, कोणी काय पाहिलं ते सगळ्या वर्गाला दाखवलं. म्हणाले, माझा निळा गेलेला आहे, कधी गेला ते मला माहीत नाही. मोनालीवर मी जो आळ घेतला तो माझ्या डोळ्यांनी घेतला, काच कपाटातून कुठंही गेली नव्हती. ज्यांचं काम मी रंगासाठी बाद केलं त्यांनी ते पुन्हा आणावं, तपासायला दुसरे मास्तर बोलावतो. मग पेन काढलं. "मोनाली, मी ही सही न पाहता करतो आहे. आयुष्यातली पहिली." आणि ती म्हणे इतकी वाकडी आली, की भट्टीवर असती तर त्यांनी स्वतःच खोटी ठरवली असती.

ऑपरेशन सेवाग्रामला झालं, मी बरोबर होते. डोळ्यातून जे काढलं ते मला दाखवा, असा हट्ट सरांनी डॉक्टरांकडे धरला. काढलं हे कशावरून? दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. परत येताना रिक्षातून डोकं बाहेर काढून वर बघत होते. रिक्षावाल्याला विचारलं, "हे रोज असंच असतं का?" तो म्हणाला, काय जी? सर म्हणाले, आभाळ. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तू गाडी चालव.

पण घरी आल्यावर ते वर गेले आणि मग आवाजच येईना. मी जिना चढून गेले. मागच्या दोन वर्षांत त्यांनी स्वतः केलेली पाच कामं खोलीत आणि जिन्यात होती, त्यांची सगळ्यात आवडती. आणि ती सगळी निळी होती हो. निळा दिसत नाही म्हणून माणूस घालत गेला होता, घालत गेला होता. पक्षी निळे, झाडं निळी, एका बाईचा चेहरासुद्धा निळा. सर खाली बसले होते आणि शेजारी हातोडी होती. "ही मी नाही केली," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "मीच केली." मी फोन करून मोनालीला बोलावून घेतलं. तिनं आधी हातोडी उचलून माझ्याकडे दिली, मग एकेका कामापुढं उभी राहून पाहिलं. "सर, तुमाले जसं दिसत होतं तसंच केलं न तुमी. मंग खोटं कसं?" मग तिनं चार कामं विद्यापीठात नेली तेव्हा सरांनी अडवलं नाही. आज ती वर्गात लावलेली आहेत. पाचवं जिन्याच्या खिडकीत सिमेंटनं पक्कं बसवलेलं, म्हणून राहिलं.

वर्ष संपलं, सर निवृत्त झाले, नागपूरला बहिणीकडे गेले. मोनाली आता त्याच वर्गात मदतनीस आहे. सर महिन्याच्या महिन्याला मला फोन करतात आणि एकच विचारतात, ती खिडकी काढली का. मी म्हणते, माणूस मिळत नाही. हिंगणघाटात एक गवंडी मिळत नाही, हे त्यांना पटत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुपारी उन्हं कलली की त्या खिडकीतून जिन्यावर, गादीवर, बायकांच्या मनगटांवर निळं पडतं. बायका बांगडीचा रंग पाहायला हात बाजूला घेतात, आणि मग पुन्हा तिथंच आणून ठेवतात. वरची खोली मी अजून कोणाला दिली नाही. परवा सर चिडून म्हणाले, मीच एक दिवस येऊन काढतो. मी म्हटलं, या.

तुमच्यापैकी कोणी नागपूरला गेलं आणि एखादा माणूस चहाच्या टपरीवर स्टीलचा पेला मागताना दिसला, तर माझा एवढा निरोप सांगा. म्हणावं, ताईंना गवंडी अजून मिळालेला नाही आणि मिळणारही नाही. खिडकी तुमची तुम्हीच येऊन पाहा, आणि जरा लवकर या.